रानउंदराची पोथी

घरांत पोथ्या पुष्कळ असतात. परंतु कोणती केव्हां उघडावयाची, हें तिथिवार पाहून ठरतें. सजीवांच्या शरीराचेंही असेंच आहे. बहुतेक प्रत्येक पेशींत जनुकांचा संपूर्ण संग्रह असतो. मात्र कोणतें जनुक कोठें, केव्हां व किती काळ कार्य करतें, यावर प्राण्याचें रूप व सामर्थ्य पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. यासच शास्त्रज्ञ 'जनुकाभिव्यक्ति' म्हणतात. एका क्षुद्र रानउंदराच्या जीवनमरणाशीं तिचा किती निकट संबंध आहे, तें आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत 'सँड हिल्स' नांवाच्या फिकट वाळूच्या टेकड्या आहेत. भोंवतालची जमीन मात्र काळसर आहे. तेथील 'डिअर माऊस' जातीचा उंदीर काळसर जमिनीवर गडद, तर वाळूवर फिकट आढळतो. या भेदांत 'अगूटी' नामक जनुकाचा मोठा वांटा आहे. केस वाढत असतां हें जनुक कार्य करूं लागलें, म्हणजे काळ्या रंगद्रव्याऐवजीं पिवळें बनूं लागतें. वाळूवरील उंदरांत तें अधिक प्रमाणांत व अधिक काळ कार्य करतें. त्यामुळें प्रत्येक केसावरील पिवळा पट्टा रुंद होतो, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

हा रंग केवळ शोभेचा नव्हे. दोन्ही प्रकारच्या जमिनींवर कुंपणें घालून, वरून घुबडांना वाट मोकळी ठेवून, संशोधकांनीं आंत उंदीर सोडले. वाळूवर गडद उंदीर अधिक नाहींसे झाले, काळ्या मातीवर फिकट! हा प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला.

गडद उंदीर वाळूवर नेल्यानें फिकट होत नाहीं. तो रंग उपजत असतो. याच जातीचे उंदीर कोलोरॅडोच्या पर्वतांत ४,३०० मीटरांहून अधिक उंचीवरही राहतात. विरळ हवेंत व कडक थंडींत ऊब राखण्यासाठीं त्यांच्या स्नायूंत चरबी जाळणारीं जनुकें अधिक जोमानें कार्य करतात. तेथें मात्र कांहीं भाग उपजत, तर कांहीं त्या हवेंत राहून अंगीं आलेला असतो.

मुलांचे गुण उपजत कीं संगतीचे, हा वाद आपल्या घरांतून नेहमींच रंगतो. उंदरावरून माणसाचा निवाडा करणें योग्य नव्हे. तथापि दोहोंपैकीं एकच खरें मानण्याची घाई निसर्ग करीत नाहीं, एवढें ध्यानीं घ्यावें.