उघडा सांधा

शिवणकामात मुरलेल्या बाईच्या हाताची खरी परीक्षा ठिगळ लावताना होते. कापडाशी धाग्याचा रंग जुळवून ती सांधा असा मिटवते की, मूळ वस्त्र कोठे संपले याचा पाहणाऱ्यास थांगपत्ता लागू नये. केनियाच्या चित्रकर्त्री वांगेची मुटू यांच्या कोलाजमध्ये मात्र हाच सांधा जाणूनबुजून उघडा ठेवलेला असतो, आणि त्यांच्या कलेचे मर्म, माझ्या मते, तेथेच आहे.

१९७२ साली नैरोबीत जन्मलेल्या मुटूबाईंनी येल विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी २००० साली मिळवली ती शिल्पकलेत, आणि कागदाच्या सपाट कातरणांतून त्या ज्या रीतीने देह घडवतात, ती पाहता हे शिक्षण कोठे मुरले ते कळते. कातरणे येतात ती फॅशनच्या, मोटारींच्या, दूरदेशींच्या माणसांचे कुतूहल पुरवणाऱ्या, इतकेच नव्हे तर अश्लील मासिकांतूनही. म्हणजे जेथे जेथे स्त्रीदेह, विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रीदेह, परक्या नजरेच्या अंमलाखाली आला, तेथून.

२००६ सालची त्यांची बारा चित्रांची मालिका गर्भाशयाच्या गाठींच्या प्रकारांविषयीचा एक रुक्ष वैद्यकीय मथळा धारण करते. जुन्या वैद्यकीय ग्रंथांतील आकृत्यांची पानेच येथे चेहऱ्याची जमीन झाली आहेत; त्यांवर एक डोळा एका प्रमाणाचा, दुसरा भलत्याच, छापील गुळगुळीत ओठ आणि वर चमकीचा चुरा. रोगाचा तपशील नोंदवणारे पान आपल्याकडे वळून पाहू लागते, आणि प्रथमदर्शनी वाटलेल्या किळसेची जागा हळूहळू आदर घेतो.

पॅरिसमध्ये १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चित्रावर डकवले आणि आधुनिक कलेत कोलाजला मानाचे स्थान मिळाले. त्याच पिकासोने आफ्रिकी मुखवट्यांपासून किती घेतले, हेही सर्वश्रुत आहे. आज त्या मुखवट्यांच्या खंडातील एक स्त्री पश्चिमेची मासिके मांडीवर घेऊन कात्री चालवते, हा मला ऐतिहासिक न्याय वाटतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीतील कोनाडे १९०२ पासून रिकामे होते. २०१९ साली तेथे मुटूबाईंच्या चार कांस्यस्त्रिया येऊन बसल्या. कागद जाऊन धातू आला, तरी त्यांच्या मस्तकांवर जोडलेल्या तबकड्या शरीरात विरघळू दिलेल्या नाहीत. कोणाच्या कपाळावर, कोणाच्या तोंडावर त्या आरशासारख्या घासलेल्या चकत्या बसवल्या होत्या, आणि ऊन फिरले की रस्त्यापर्यंत लखलखत होत्या.