साताऱ्याचा तह : गादी राखून सत्ता घेण्याची रीत

युद्ध जिंकणाऱ्याने हरलेल्याची गादी मोडलीच पाहिजे, असे नाही. पुष्कळदा ती राखणेच त्याच्या सोयीचे असते. ही रीत समजून घेण्यासाठी मला १८१९चा साताऱ्याचा तह फार उपयोगी वाटतो.

फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण गेला. सालिना आठ लाखांच्या पेन्शनीवर त्याची रवानगी बिठूरला झाली. सगळा मुलूख कंपनीला थेट घेता आला असता. तरी एल्फिन्स्टनने छत्रपतींना लहानसे राज्य दिले. गादीविषयी लोकांत आदर होता. ती टिकली तर पेशवाई बुडाल्याचे शल्य बोथट होईल, असा त्यामागे हिशेब होता.

२५ सप्टेंबर १८१९च्या तहात राज्य राजे व त्यांचे वारस यांना कायमचे दिले आहे. पण पुढची कलमे पाहा. फौज कमीजास्त करायची तर इंग्रजांची संमती हवी. कारभारात एजंटाचा सल्ला मानायचा. राज्याबाहेरच्या कोणाशीही परस्पर बोलणे नाही. सोयरीक जुळवायची तरी पत्रव्यवहार एजंटामार्फत. हे कलम मोडले तर तहाचे सर्व लाभ गेले. पहिली काही वर्षे तर कारभारच एजंट ग्रँटच्या हाती होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. १८२२ मध्ये त्याने कारभार राजांच्या स्वाधीन केला.

माझ्या मते खरी सत्ता या कलमांतही नव्हती. ती कलमांचा अर्थ लावण्याच्या अधिकारात होती. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप प्रतापसिंहांवर आला. तहभंग कबूल करा, गादी राहील, असे गव्हर्नर कारनॅकने सांगितले. त्यांनी नकार दिला. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडले आणि भाऊ शहाजी यांना गादीवर बसवले. रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागितली. पण आरोप करणारा आणि न्याय देणारा एकच होता.

१८४८ मध्ये शहाजी वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांचे मत दत्तक मानावा असे होते. डलहौसीने तो नाकारून राज्य खालसा केले. तहातल्या ‘वारस’ या शब्दात दत्तक पुत्र बसतो की नाही, हेही जेत्यानेच ठरवले.

म्हणून पराभूत देशात जुनेच सरकार राहिलेले दिसले, की मी आधी एकच गोष्ट पाहतो : वाद उद्भवला तर तहाचा अर्थ कोण लावणार?