चार टायरांची आयात : कर ३७.४७ टक्के, अडसर वेगळाच

मोटारीचा नवा रेडियल टायर परदेशातून आणला, तर भारतात त्याच्या मूल्यावर एकूण ३७.४७ टक्के कर बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हाच आकडा ४९.१२ टक्के होता. त्या दिवशी टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आयात टायरवरचा एकूण भार ११.६५ टक्केबिंदूंनी उतरला. मात्र यातले १० बिंदू देशात बनलेल्या टायरलाही मिळाले. आयात टायरच्या स्वतःच्या वाट्याला आले ते १.६५ बिंदू. त्याच किमतीच्या देशी टायरपेक्षा त्याच्यावर पूर्वी २१.१२ टक्के जादा कर होता, आता १९.४७ टक्के आहे.

३७.४७ टक्क्यांची फोड अशी. मूळ सीमाशुल्क १५ टक्के. सप्टेंबर २०१८ पर्यंत ते १० टक्के होते. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १.५ टक्के. मग १०० रुपयांच्या टायरचे ११६.५० रुपये धरून त्यावर १८ टक्के एकात्मिक जीएसटी, म्हणजे २०.९७ रुपये. यातले २.९७ रुपये हा करावरचा कर आहे.

कर टायरच्या नुसत्या किमतीवर बसत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज धरली जाते. भाड्याचा आकडा उपलब्ध नसेल तर किमतीच्या २० टक्के आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के धरावेत, असे २००७ चे सीमाशुल्क मूल्यांकन नियम सांगतात. समजा, चार टायरांची परदेशी बंदरावरची किंमत ४०,००० रुपये आहे. त्यात ८,००० आणि ४५० मिळवले की करपात्र मूल्य ४८,४५० रुपये होते. त्यावरचा कर १८,१५४ रुपये. जुन्या दराने तो २३,७९९ रुपये झाला असता.

हा भार सगळ्यांना सारखा पडत नाही. नोंदणीकृत टायर विक्रेत्याला यातल्या १०,१६० रुपयांच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळते. त्याचा खरा खर्च ७,९९४ रुपये. स्वतःच्या गाडीसाठी टायर आणणारा पूर्ण १८,१५४ रुपये भरतो, म्हणजे २.२७ पट.

वाहतुकीचे गणित टायरच्या आकारावर ठरते. २०५/५५ आर१६ मापाचा टायर घ्या. रिम १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून २२६. व्यास ६३२ मिलिमीटर आणि रुंदी २०५. चौकोनी खोक्यात त्याला साधारण ०.०८२ घनमीटर जागा लागते. वजन काट्यावर सुमारे ९ किलो भरते. पण कुरियर कंपन्या सर्रास घनसेंटिमीटरला ५,००० ने भागून आकारमानी वजन काढतात आणि ते येते १६.४ किलो. चार टायरांचे वजन ३६ किलो, बिल ६५.५ किलोंचे. टायरच्या मधल्या पोकळीचेही भाडे भरावे लागते.

समुद्रमार्गे, इतरांच्या मालासोबत कंटेनरमध्ये पाठवायचे तर बहुधा किमान एक घनमीटरचे भाडे आकारतात. चार टायर त्यातली एक-तृतीयांश जागा व्यापतात. तेवढ्याच पैशांत बारा आले असते. म्हणजे दर टायरमागे भाडे तिप्पट.

विमानाच्या भाड्याला नियमांत एक सवलत आहे. भाडे कितीही झाले तरी करपात्र मूल्यात ते किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. ४०,००० च्या टायरांना ३०,००० रुपये विमानभाडे लागले तरी मोजले जातात ८,०००. उरलेल्या २२,००० वरचा ८,२४३ रुपयांचा कर वाचतो. समुद्रमार्गाला अशी मर्यादा नाही.

सर्वांत विषम आकडा विलंबाचा आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे द्यायचे आयातीचे विवरणपत्र, साधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करायची असते. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये. पाच दिवसांचे ३५,०००, म्हणजे वरच्या चार टायरांवरील कराच्या जवळपास दुप्पट. न्हावा शेव्याला तेवढ्याच किमतीचे ९०० टायर एका कंटेनरमधून उतरले तर माल ९० लाखांचा, विलंब आकार मात्र तोच. तिथे तो टायरमागे ३९ रुपये पडतो, चार टायरांच्या आयातदाराला ८,७५०.

हे सगळे आकडे लागू होतात ते माल आणण्याची मुभा असेल तर. १२ जून २०२० रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने नवे टायर ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ यादीत टाकले. तेव्हापासून आयातीसाठी महासंचालनालयाचा परवाना लागतो. दुसरी अट गुणवत्तेची. २००९ च्या आदेशानुसार मोटारीच्या टायरला आयएस १५६३३ मानक आणि आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हे चिन्ह वापरण्याचा परवाना ब्रँडला मिळत नाही, कारखान्याला मिळतो. त्यामुळे एकाच कंपनीचा, एकाच मापाचा टायर एका देशातल्या कारखान्याचा चालतो आणि दुसऱ्या देशातला चालत नाही. युरोपचे ई-चिन्ह त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून टायरच्या भिंतीचा फोटो मागवावा. त्यावर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहावे, आणि उत्पादनाचा चार अंकी संकेतही वाचावा : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

विनापरवाना माल जप्त होऊ शकतो. दंड भरून तो सोडवायची संधी मिळाली, तरी दंडाची कमाल मर्यादा बाजारभाव वजा शुल्क इतकी असते. तोवर बचतीचा हिशेब संपलेला असतो.

चार टायरांपुरते उत्तर स्पष्ट आहे. परदेशातली किंमत इथल्यापेक्षा निम्मी असली तरी आधी परवाना आणि आयएसआय चिन्ह तपासावे, मग आकारमानी वजन काढावे आणि कर शेवटी मोजावा. ३७.४७ टक्के हा या व्यवहारातला एकमेव आकडा आहे जो आधीपासून नेमका ठाऊक असतो. नुकसान होते ते उरलेल्या आकड्यांत.