व्हिडिओची लांबी मोजायची स्क्रिप्ट: छोटी गोष्ट, मोठी चूक

संशोधनात व्हिडिओ डेटा असेल तर ‘एकूण किती मिनिटं?’ हा प्रश्न येतोच. दहा फाइल्स असतील तर प्रॉपर्टीज उघडून वहीत लिहून घेता येतं. दोनशे असतील तर स्क्रिप्टच हवी.

वर्गनिरीक्षणाच्या रेकॉर्डिंगसाठी मी पायथनमध्ये पहिली स्क्रिप्ट लिहिली, तेव्हा सोपा हिशोब केला: एकूण फ्रेम मोजा, ३० ने भागा. इथेच फसलो. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो असं आपण धरतो, पण उजेड कमी असला की बरेच मोबाइल हा वेग उतरवतात. समजा, ४० मिनिटांचा तास २४ च्या वेगाने रेकॉर्ड झाला. फ्रेम झाल्या ५७,६००. ३० ने भागलं की ३२ मिनिटं! शिक्षकांनी ४८ प्रश्न विचारले असतील, तर मिनिटाला १.२ ऐवजी १.५ प्रश्न. म्हणजे अंधाऱ्या वर्गातले शिक्षक उगाचच जास्त प्रश्न विचारणारे ठरले. आणि हा ‘निष्कर्ष’ आपण प्रबंधात लिहूनही टाकला असता.

मग लांबी घ्यायची कुठून? एमपीफोर फाइलमध्येच दोन आकडे नोंदलेले असतात. टाइमस्केल म्हणजे एका सेकंदाचे किती भाग केलेत, आणि ड्युरेशन म्हणजे असे एकूण भाग किती. ड्युरेशनला टाइमस्केलने भागलं की सेकंद मिळाले. एफएफएमपेगसोबत येणारं एफएफप्रोब ही नोंद वाचतं. ते व्हिडिओ चालवून बघत नाही, म्हणून दोन तासांची फाइलही क्षणात होते. स्क्रिप्टचं काम एवढंच: फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर लूप फिरवायचा, एफएफप्रोबकडून फॉरमॅटचं ड्युरेशन घ्यायचं, फाइलचं नाव आणि सेकंद सीएसव्हीत लिहायचे.

दोन गोष्टी सांभाळा. ब्राउझरमधून रेकॉर्ड केलेल्या वेबएम फाइलमध्ये ही नोंद बऱ्याचदा नसते. उत्तर ‘एन/ए’ येतं. तिथे शून्य भरू नका, नाहीतर सरासरी बिघडेल. रकाना रिकामा ठेवा आणि ती फाइल वेगळी तपासा. दुसरं, नोंदही चुकीची असू शकते. म्हणून चार-पाच फाइल्स एफएफएमपेगने शेवटपर्यंत डीकोड करून शेवटची वेळ ताडून बघा.

आणि लांबी कशी मोजली, हे पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात लिहा. व्हायवाला कुणी विचारलं, तर उत्तर तयार असेल.