घोड नदीच्या उगमाकडचा हिरडा

दोन वर्षांपूर्वी आमच्या कासारवाडीच्या चिकित्सालयात बाळहिरड्याचे एक पोते आले. वरचा थर काळाकुळकुळीत व टणक. तळाशी हात घातला तर फळे मऊ, पांढरट बुरशी धरलेली. व्यापाऱ्यास माल कोठला असे विचारले असता ‘मंचरकडचा’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. भावप्रकाशातील हरीतकीचे सात भेद आपण विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत म्हणतो. मात्र आपल्या बरणीतला हिरडा कोणाच्या अंगणात वाळला, हे आपणांपैकी किती जण सांगू शकतील? आम्हांस तरी सांगता येत नव्हते. पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही तो माग काढीत आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास गेलो.

वाट आमच्या दारातूनच निघते. नाशिक फाट्यावरून चाकण, राजगुरुनगर करीत मंचर. तेथून डावीकडे घोडेगाव, डिंभे आणि पुढे जलाशयाच्या कडेने आहुपे. गाव सह्याद्रीच्या ऐन कड्यावर. पश्चिमेस कोकण सरळ खाली दिसते. याच डोंगरांत घोड नदी उगम पावते आणि पूर्वेस वाहत जाऊन भीमेस मिळते. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची. उतारावरील भाताची खाचरे ‘पडकई’ने घडविलेली, म्हणजे सर्वांनी मिळून एकेकाच्या शेतावर राबून बांध घालायचे व जमीन सपाट करायची. भात घरच्या खाण्यापुरते होते. रोख पैसा यायचा तो हिरड्यातून.

या खोऱ्यात कर्ज हा जुना व्याधी. याच तालुक्यातील जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी १८७३ मध्ये सावकारांविरुद्ध बंड उभारले. १८७६ मध्ये ते पकडले गेले. दख्खनचे सावकारविरोधी दंगे १८७५ चे, म्हणजे डोंगरातील उठाव त्यांच्याही आधीचा. पुढे पाण्याने घाव घातला. डिंभे धरणाच्या, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराच्या, सुमारे साडेतेरा टीएमसी पाण्याखाली नदीकाठची शेते गेली. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले ते जुने गावही बुडाले. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले. वरच्या लोकांच्या वाट्यास उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावरची गाळपेर आणि जलाशयातील मासेमारी आली, तीही ‘शाश्वत’ संस्थेच्या साह्याने संघटित होऊन झगडल्यावर.

उरली हिरड्याची झाडे. पुरुष झाडावर चढून फांद्या झोडपतात, बायका-मुले खाली वेचतात. झाडावरून पडून कायमचे जायबंदी झालेले एक गृहस्थ आम्हांस तेथे भेटले. वेदनाशामक तेलाखेरीज आमच्याजवळ त्यांना देण्यासारखे काही नव्हते. अठळी धरण्यापूर्वीचे हिरवे फळ कडक उन्हात वाळले की काळे पडते, तोच बाळहिरडा. वाळवणावर वळवाची एक सर आली की माल बिघडला. आमच्या पोत्यातील बुरशीचे कारण तेथील एका आजींनी फळ हातात घेताच सांगितले. "भिजलेला माल कोण फेकील, डॉक्टर? त्यावरच मीठ-मिरची येती." त्यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

एके काळी आदिवासी विकास महामंडळाची एकाधिकार खरेदी असे; आम्ही गेलो तेव्हा त्या वाडीत खाजगी व्यापाऱ्याचाच भाव चालत होता. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने आंबेगाव व जुन्नरच्या डोंगरांत हिरड्याची मोठी हानी केली आणि भरपाईसाठी लोकांना काही वर्षे झगडावे लागले.

आमचा प्रश्न मात्र वैद्याचा होता. चरकाचार्य रसायनपादात फळे योग्य काळी, रस-वीर्याने परिपूर्ण झाल्यावर घ्यावीत असे सांगतात. बाळहिरडा हे अपक्व फळ. अनुलोमनास व बाळगुटीस तो उपयुक्त आहेच, परंतु रसायनार्थ पक्व हरीतकीच्या जागी तो घालणे आम्हांस पटत नाही. शिवाय कोवळेपणीच सारी फळे उतरविली तर रुजायला बी कोठून राहणार? आम्ही आजींना काही झाडे पिकू देण्याची विनंती केली. हिवाळ्यापर्यंत त्यांची अडचण होऊ नये म्हणून आगाऊ रक्कमही पुढे केली.

"उचल नको," त्या लगेच म्हणाल्या. "माल तोलून घ्या, मग पैसे द्या. दोन झाडं ठेवते तुमच्यासाठी. जास्त न्हाई."

त्या थंडीत आजींचा नातू एस.टी.ने दोन गोणी घेऊन नाशिक फाट्यावर उतरला. फळे पिवळसर तपकिरी, रेघा स्पष्ट, बुरशीचा मागमूस नाही. भाव ठरविताना त्याने बाळहिरड्यापेक्षा अधिक मागितला, आणि तो रास्त होता. भावप्रकाशात सांगितल्याप्रमाणे आम्ही मूठभर फळे पाण्याच्या भांड्यात टाकली. सारी बुडाली.