अनोळखी टपालाची पारख

पाकिटावरील टपालखात्याच्या शिक्क्यावरून पत्र कोठून निघाले ते कळते. ई-मेलला आरंभी असा शिक्का नव्हता. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी या टपालवाहतुकीचे नियम शब्दबद्ध केले, तेव्हा एकमेकांशी जोडलेले संगणक थोडे होते. त्यामुळे पाठविणारा जे नाव सांगेल ते खरे मानले जाई.

पुढे जाहिरातींचा व फसव्या पत्रांचा लोंढा सुरू झाला. मजकुराला हवे ते सोंग घेता येते. परंतु पत्र आणून देणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे जोडणी होताना दिसणारा त्याचा क्रमांक, सहजी लपविता येत नाही. म्हणून १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी पत्त्यांची काळी यादी उपलब्ध करून दिली.

त्यानंतर नावाची शहानिशा करण्याचे उपाय निघाले. 'एसपीएफ' या पद्धतीत एखादी संस्था आपले टपाल कोणत्या सर्व्हरांनी न्यावे, हे जाहीर करून ठेवते. 'डीकेआयएम' ही पत्रावरील गणिती मोहोर होय. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. दोन्ही खुणा फसल्यास पत्राचे काय करावे, हे संस्था 'डीमार्क'द्वारे सुचविते.

तथापि ओळख पटली म्हणजे सचोटी सिद्ध झाली असे नव्हे. ठकालाही स्वतःच्या नावाची मोहोर करता येते. यास्तव गाळणी सर्व्हरची पूर्वीची वर्तणूक पाहते: तक्रारी किती आल्या, अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवर किती पत्रे गेली, टपाल एकाएकी वाढले काय? फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना वरील तिन्ही उपाय गूगलने बंधनकारक केले. तक्रारींचे प्रमाणही ०.३ टक्क्यांखाली राखावे लागते.

या व्यवस्थेची झळ मात्र कधी निरपराध्यालाही लागते. एखाद्या लहान ग्रंथालयाने स्वतःचा सर्व्हर उभारला, तर सर्व खुणा बरोबर असूनही त्याच्या गाठी पूर्वपुण्याई नसते. तोच पत्ता पूर्वी एखाद्या ठकाने वापरला असेल, तर त्याचे पापही माथी येते. अशी पत्रे मुकाट्याने 'स्पॅम'च्या कप्प्यात पडतात आणि पाठविणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. गाळणी केवळ संभव वर्तविते. अखेरचा निवाडा वाचकाचा असतो. म्हणून तो कप्पा अधूनमधून उघडून पाहणे इष्ट होय.