डोक्याला जबर मार आणि थंडाव्याचा उपचार

राजहंसगडाजवळचं येळ्ळूर बेळगावला लागूनच आहे. त्यामुळे तिथे दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार बसलेल्याला तातडीने शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्यावं. शरीर थंड करून मेंदू वाचवण्याची आशा मात्र बाळगू नये. थंडाव्याने मेंदूची प्राणवायूची गरज घटते, कवटीतला दाबही उतरतो, हे खरंच. तरीही युरोथर्म चाचणीत (२०१५) शरीर ३२ ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेल्या शंभरांपैकी सुमारे २६ जण सहा महिन्यांनी बऱ्या स्थितीत होते. नेहमीच्या उपचारांनी ३७. पोलर चाचणीत (२०१८) तर लवकर थंड करूनही फायदा दिसला नाही. ताप आटोक्यात ठेवणं वेगळं. त्याकडे डॉक्टरांचं लक्ष असतंच. वाटेत श्वास मोकळा ठेवा, मान हलू देऊ नका.